फी भरण्याआधी: एव्हिएशन कॉलेज की फ्लाइंग स्कूल

बारावीचा निकाल लागला की आमच्या शाखेत दरवर्षी दोन-तीन पालक एकच प्रश्न घेऊन येतात. मुलाला किंवा मुलीला पायलट व्हायचं असतं. हातात दोन माहितीपत्रकं असतात, एक तीन वर्षांच्या बीएस्सी एव्हिएशनचं, दुसरं थेट फ्लाइंग स्कूलचं, आणि यातलं कोणतं बरं ते बँकेने सांगावं अशी अपेक्षा असते. मी कर्ज विभागात काम करते, विमान मला चालवता येत नाही. पण माझी भाची या वाटेने गेली, तिच्या आईला सुट्टी मिळायची नाही म्हणून ठिकठिकाणी तिच्याबरोबर मी हिंडले, आणि या कर्जांच्या फायली तर बघतेच. त्यातून ही यादी जमली. लिहिली आहे त्याच क्रमाने करा. क्रम चुकला की पैसे जातात.

सगळ्यात आधी डॉक्टर. कॉलेजही नाही, फ्लाइंग स्कूलही नाही. पायलटचे परवाने देणाऱ्या डीजीसीए या सरकारी खात्याच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्या. स्टुडंट पायलट लायसन्सला ते लागतंच. व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, क्लास वन लागतं आणि ते जास्त कडक असतं. चष्मा आहे म्हणून घाबरू नका, ठरलेल्या मर्यादेत चष्मा चालतो. खरी भीती रंगांची. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने एव्हिएशनच्या डिग्रीला प्रवेश घेतला, दोन वर्षांची फी भरली आणि तिसऱ्या सेमिस्टरला मेडिकलला गेला. तिथे ठिपक्यांच्या इशिहारा पाट्या दाखवतात. इतरांना ७४ दिसतात त्या पाटीवर त्याने २१ वाचले. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नव्हता आणि वीस वर्षांत घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी मेडिकल मागितलंच नाही, कारण डिग्रीला ते लागत नाही. लागतं ते परवान्याला. या एका वाक्यात पुढचा अर्धा घोटाळा आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

मेडिकल नीट झालं की कागद. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. कॉमर्स किंवा आर्ट्स केलेली मुलं एनआयओएसकडून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेकडून, हे दोन विषय देतात. डीजीसीएच्या परीक्षांसाठी आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी बोर्डाकडून बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी करून घ्यावी लागते. हे काम सुट्टीतच सुरू करा. आणि नाव तपासा, नाव! आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी, आधारवर तिसरी, कुठे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे तर कुठे नाही. भाचीच्या आधारवर आडनावात एक ‘ए’ जास्त होता. त्या एका अक्षरासाठी आम्ही तीन चकरा मारल्या.

आता परवाना मोजतो काय ते समजून घ्या. सीपीएलला वय १८ पूर्ण लागतं आणि किमान २०० तासांचं उड्डाण. त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून. त्यात लांब पल्ल्याचे तास, ३०० सागरी मैलांची एक मोठी फेरी, रात्रीचं उड्डाण, उपकरणांवरचं उड्डाण असे पोटविभाग आहेत. शिवाय लेखी पेपर: नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के. वर रेडिओचा परवाना. या यादीत पदवी कुठेही नाही. बारावी आहे, मेडिकल आहे, पेपर आहेत, तास आहेत.

मग डिग्रीच घ्या असं इंटरनेटवर इतके लोक ठासून का सांगतात? कारण त्यातले बरेच जण अमेरिकेचं बोलत असतात. २००९ साली बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर तिथे कायदा बदलला आणि २०१३पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तास लागू लागले. पण मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी घेतली असेल तर तिथे १००० तासांवर काम भागतं. पाचशे तासांची सूट ही मोठी गोष्ट आहे, त्यामुळे तिथल्या मुलाला कॉलेजचा सल्ला देणं बरोबरच. आपल्याकडे पदवीने एकही तास कमी होत नाही. अमेरिकेचा व्हिडिओ बघून धुळ्यात किंवा बारामतीत फी भरू नका.

यानंतर प्रत्यक्ष भेट, आणि इथे घाई करू नका. महाराष्ट्रात पर्याय बरे आहेत. बारामतीच्या धावपट्टीवर शिकवणाऱ्या संस्था आहेत, गोंदियाला बिरसीवर आहे, खानदेशात शिरपूर आणि धुळं आहे. बाहेर जायचं तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोन्हींचा मेळ घालणारी व्यवस्थाही आहे: बॉम्बे फ्लाइंग क्लबचं मुंबई विद्यापीठाशी संलग्न बीएस्सी एव्हिएशनचं कॉलेज जुहूला आणि उड्डाण धुळ्याला. हा क्लब १९२८चा. जेआरडी टाटा तिथेच उडायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. पदवी त्यांच्याकडेही नव्हती. मात्र हा मुद्दा घरातल्या वादात वापरू नका, त्यांच्या घरी कुणाला बँकेत तारण ठेवायचं नव्हतं.

भेटीला सकाळी सहाला पोचा. दुपारी बाराला गेलात तर एसी ऑफिस, चकचकीत फोटो आणि मार्केटिंगवाला भेटेल. उन्हाळ्यात उडायचा खरा वेळ पहाटेचा, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत छोटं विमान हेलकावे खातं. आम्ही एका ठिकाणी गेलो तेव्हा पत्रकात १२ विमानं होती. हँगरबाहेर पाच उभी होती. बाकीच्यांबद्दल विचारलं तर एकाचं इंजिन बाहेर गेलेलं, दोन शंभर तासांच्या तपासणीत, उरलेल्यांबद्दल उत्तरच नाही. ऑपरेशन्सच्या खोलीत पांढऱ्या फळ्यावर त्या दिवसाच्या सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या, लिहिलेल्या होत्या: विमान, इन्स्ट्रक्टर, विद्यार्थी. अकरा नावांपुढे लाल रेघ, म्हणजे रद्द. बाहेर कॅन्टीनमध्ये युनिफॉर्म घातलेली मुलं दुसरा चहा पीत बसली होती. भाचीने त्यांच्यातल्या एकाला विचारलं, कधी आलास? चौदा महिने झाले. तास? बासष्ट.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला, तुम्हीही मांडा. उडणारी विमानं पाच. प्रत्येकाचे दिवसाला तीन तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे महिन्याला ३३० तास. विद्यार्थी ६०. माणशी साडेपाच तास. २०० तासांना ३६ महिने. पत्रकात १८ महिने छापले होते. म्हणजे डिग्रीपेक्षा लवकर होतं म्हणून जो पर्याय निवडायचा, तो डिग्रीइतकाच वेळ घेणार होता. म्हणून दोन्हीकडे एकच आकडा मागा: गेल्या १२ महिन्यांत एका विद्यार्थ्याचे महिन्याला सरासरी किती तास उडाले? तोंडी नको, लेखी. सोबत विचारा की आज इन्स्ट्रक्टर किती आहेत आणि गेल्या वर्षभरात किती सोडून गेले, कारण विमान उभं असतं आणि शिकवायला माणूस नसतो असंही होतं. शेवटच्या दहा सीपीएलवाल्यांना पहिल्या सॉर्टीपासून परवान्यापर्यंत किती महिने लागले, हेही लिहून घ्या. डीजीसीएने २०२५पासून उड्डाण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत सर्वात वरच्या श्रेणीत एकही संस्था नव्हती, तेव्हा ती यादी बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका.

कॉलेजला वेगळे प्रश्न. तीन वर्षांच्या फीत उड्डाणाचे तास किती? बऱ्याचदा उत्तर शून्य असतं आणि उड्डाणाचे पैसे वेगळे. मग विचारा की उड्डाण कुठल्या धावपट्टीवर आणि कोणाच्या विमानात. वर्ग शहरात आणि विमान तीनशे किलोमीटरवर असेल तर ७५ टक्के हजेरी आणि पहाटेची सॉर्टी एकत्र कशी बसवणार, ते वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवायला सांगा. आणखी एक बारीक अट आहे, ती कुणी आपणहून सांगत नाही: सीपीएलचा अर्ज करताना ते २०० तास मागच्या पाच वर्षांतले असावे लागतात, आणि कमांडर म्हणून उडवलेल्यांपैकी १५ तास तर मागच्या सहा महिन्यांतले. पहिल्या वर्षी हौसेने पंधरा-वीस तास उडवायचे, मग परीक्षा, मग पैसे नाहीत म्हणून खंड, असं रेंगाळलं तर सुरुवातीचे तास हिशेबातून गळतात.

पैशांचं माझं घरचं काम आहे, म्हणून इथे थोडी जास्त बोलते. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. म्हणजे घर, प्लॉट किंवा शेतीचे कागद निघतात, आणि त्यावर आजीची किंवा काकांची सही लागते. त्यांच्याशी आधी बोला. ५० लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५५ हजारांच्या आसपास बसतो. हप्ता सुरू होतो तो बहुधा कोर्सची मुदत अधिक एक वर्ष संपल्यावर. ही मुदत संस्थेने दिलेल्या पत्रावरून धरली जाते. पत्रात १८ महिने आणि प्रत्यक्षात ३६, तर परवाना हातात यायच्या आधीच हप्त्याचा मेसेज येतो. पूर्ण रक्कम उचललेली असेल तर एका महिन्याच्या उशिराचं व्याज जवळजवळ ४४ हजार. १८ महिन्यांचा उशीर म्हणजे पावणेआठ लाखांच्या वर. डिग्री महाग की फ्लाइंग स्कूल, हे पत्रकातल्या फीवरून ठरवणाऱ्यांनी हा आकडा मिळवून बघावा.

म्हणून एकरकमी फी भरू नका, सवलत कितीही देवोत. हप्ते उडालेल्या तासांशी बांधा, आणि मध्येच सोडलं तर न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील ते करारात लिहून घ्या. तास कशावर मोजता हेही विचारा, चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंत की आणखी कशावर. फेल झालेली सॉर्टी पुन्हा केली तर पैसे कुणाचे, मल्टी-इंजिनचे तास फीत आहेत का, हॉस्टेल आणि मेस धरली आहे का. एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक प्रकारचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, यात नसतं, तो दहा लाखांच्या वरचा वेगळा खर्च आहे. तो धरूनच कर्जाचा अर्ज करा, नाहीतर परवाना घेऊन मूल घरी बसतं आणि तारण ठेवायला काही उरलेलं नसतं. इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिची नवी जाहिरात निघाली आहे का, ते आधी बघा.

पदवी नको असं मी म्हणत नाही. मेडिकल पुढे कधीही बिघडू शकतं, एअरलाइनची भरती दोन-दोन वर्षं थंडावते, आणि अशा वेळी पदवीधर असलेलं बरं. हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग ब्रांचला जायचं तर पदवीला ६० टक्के लागतात. वयाची मर्यादा २४ आहे, पण सीपीएल असेल तर २६. म्हणजे दोन्ही हातात असण्याचा तिथे खरोखर फायदा आहे. पण ती पदवी एव्हिएशनचीच हवी असा नियम नाही. आमच्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून भाचीने बीकॉम केलं. पावसाळ्यात ढग खाली उतरले आणि विमानं हँगरमध्ये गेली की ती हॉस्टेलच्या खोलीत अकाउंट्सची पुस्तकं काढायची. बहिणीला ते अजून कमीपणाचं वाटतं. माझ्या मते तेच तिचं सगळ्यात शहाणपणाचं काम.

एव्हिएशनचं कॉलेज घ्यावं असं मला दोनच बाबतींत वाटतं. एक, उड्डाण कॉलेजच्याच व्यवस्थेत होतं आणि मासिक तासांचा लेखी आकडा चांगला आहे. दोन, मुलाला पायलट व्हायचंय की विमानतळावर, एअरलाइनच्या ऑफिसात काम करायचंय, हे त्यालाच अजून नक्की नाही. बाकी वेळी मेडिकल, कागद, मग घरी राहून दोन-तीन पेपर काढणं, आणि ते निघाले तरच फ्लाइंग स्कूल. पेपर निघत नसतील तर ते पन्नास लाख गेल्यावर कळण्यापेक्षा क्लासच्या फीत कळलेलं बरं.

निवड जवळपास ठरली की एक काम उरतं. त्या ठिकाणी पुन्हा एकदा जा, या वेळी जुलैत. छत्री न्या, सकाळी सहालाच पोचा, आणि फळ्यावर किती नावं आहेत ती मोजा.