रे आकृतीचे गुण देण्याआधी पेशंटचा हात बघा

न्यूरोसायकॉलॉजीच्या (मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या शाखेच्या) पोस्टिंगला लागलात की पहिल्या आठवड्यातच रे-ऑस्टेरिथची आकृती हातात पडते: रेघांची एक गुंतागुंतीची आकृती, जी पेशंटनं आधी समोर बघून उतरवायची (ही ‘कॉपी’) आणि नंतर आठवणीतून काढायची. आंद्रे रे यांची १९४१ची आकृती, ऑस्टेरिथ यांचं १९४४चं काम, १८ घटक, प्रत्येकी जास्तीत जास्त २ गुण, एकूण ३६. हे तुम्हाला पाठ असणार. घोळ याच्या पुढे सुरू होतो.

समजा कॉपीला १८ गुण आले. नवशिका लगेच लिहितो: ‘दृश्य-अवकाशीय क्षमता कमी’, म्हणजे आकार आणि जागा यांचा डोळ्यांनी अंदाज घेणं कमी. असं लिहू नका. मीही बरेच दिवस असंच लिहायचे, म्हणून जरा लांबण लावते. समोरची आकृती उतरवायला आधी ती नीट दिसावी लागते, मग तिचे भाग एकमेकांशी कसे जोडलेत ते कळावं लागतं, कुठून सुरुवात करायची ते ठरवावं लागतं, हातानं साथ द्यावी लागते आणि काढलेलं मूळ आकृतीशी ताडून बघावं लागतं. यातलं काहीही बिघडलं तरी गुण १८च येऊ शकतात. मेंदूच्या उजव्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) भागात स्ट्रोक झालेला पेशंट आकृतीची डावी बाजू सोडून देतो, किंवा तुकडे बरे काढतो पण ते भलतीकडेच जाऊन बसतात. मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेत बाहेरचा साचा बऱ्याचदा शाबूत असतो, आतले तपशील विरळ होतात. फ्रंटल, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला पेशंट कुठूनही सुरुवात करतो आणि तीच रेघ पुन्हा पुन्हा ओढत राहतो. अल्झायमरमध्ये कधीकधी पेन्सिल सरकत सरकत मूळ आकृतीवरच जाते. हे सगळं गुणांच्या बेरजेत गडप होतं.

म्हणून पेशंट काढत असताना मान खाली घालून फॉर्म भरू नका. तुमच्या कागदावर तीच आकृती काढत जा आणि प्रत्येक रेघेला क्रमांक द्या. काहीजण मध्येच रंगीत पेन्सिल बदलून देतात. मला ते पटत नाही, आधीच विस्कळीत असलेल्या माणसाची लय त्यानं आणखी तुटते. आणि ग्रुपवर फिरणाऱ्या ‘तयार रिपोर्ट’च्या फाइल्स सरळ डिलीट करा. नावाजलेल्या सुपरवायझरपेक्षा शेजारी खुर्ची ओढून बसणारा सुपरवायझर बरा, हे माझं ठाम मत आहे.

चष्मा विचारा. हसू नका. पहाटे कसाऱ्याहून लोकल पकडून आलेल्या काकांचा चष्मा घरीच राहिलेला असतो, शिवाय मोतीबिंदू. अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेला पेशंट बहुधा मान वळवून भरपाई करतो. नेग्लेक्टवाल्याचं, म्हणजे एका बाजूकडे लक्षच न जाणाऱ्याचं, तसं नाही; त्याला काही सुटलंय याचा पत्ताच नसतो. शंका आली तर रेघेचा मध्य दाखवायला आणि कागदभर विखुरलेल्या खुणा शोधून खोडायला द्या. शिक्षणाचं तर विचारूच नका. चौथीनंतर पेन्सिल न धरलेल्या आजींना शहरी पदवीधरांचे नॉर्म्स (तुलनेचे सरासरी गुण) लावणं हा अन्याय आहे. त्यांना विचारा, दारात ठिपक्यांची रांगोळी काढायच्या का, आणि ती कधीपासून चुकायला लागली? याला गुण नाहीत, पण आजाराआधीचा हात कसा होता ते कळतं.

उलट बाजूही बघा. कॉपी सुरेख आली म्हणजे दृष्टीची प्रक्रिया ठीक, असं नाही. रुबेन्स आणि बेन्सन यांच्या १९७१च्या पेशंटला चित्रं छान उतरवता यायची, पण ती कशाची आहेत ते बघून सांगता यायचं नाही. गुडेल आणि मिल्नर यांनी अभ्यासलेल्या डी.एफ. या बाईंचं निराळंच. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर त्यांना समोरचं रेखाचित्र उतरवता येईना, आठवणीतून मात्र बऱ्यापैकी काढता यायचं. तिरप्या फटीची दिशा त्यांना सांगता यायची नाही, पण कार्ड हातात दिलं की त्या ते फटीत बरोबर सरकवायच्या. दिसणं आणि हाताला वाट दाखवणं यांसाठी मेंदूत वेगळे मार्ग आहेत, ही मांडणी गुडेल आणि मिल्नर यांनी १९९२ मध्ये केली ती बरीचशी यावरून. हे वाचून मला आधी घाम फुटला होता. तुम्हालाही फुटेल, बसेल हळूहळू.

अर्ध्या तासानंतरच्या आठवणीच्या फेरीबद्दल एवढंच: कॉपीच मोडकी असेल तर कमी गुणांवरून स्मृतीला दोष देऊ नका. मधल्या वेळेत दुसरी चित्रं काढायला लावू नका, आणि नातेवाइकांना सांगून ठेवा की पेशंटला चहाला नेऊन गायब व्हायचं नाही.

रिपोर्टमध्ये आधी काय दिसलं ते लिहा: ‘बाहेरचा आयत तुकड्यातुकड्यांत काढला, डावीकडचे घटक सुटले, लक्षात आणून दिल्यावर दोन भरले.’ मग गुण, मग अर्थ. न्यूरॉलॉजिस्टला यातून काहीतरी हाती लागतं. पेशंटचा मुलगा मात्र एकच विचारतो, ‘आई एकटी स्टेशनला जाऊ शकेल का?’ आकृतीवरून याचं उत्तर देऊ नका. जिना उतरताना पायरी चुकते का, चहा कपाबाहेर ओतला जातो का, बसचा नंबर वाचता येतो का, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का, हे त्याच्याकडूनच काढून घ्या आणि रिपोर्टमध्ये त्याच्याच शब्दांत लिहा.