सेमी-ऑटो पॉइंट टू टू साठी न अडकणारे राउंड कसे निवडायचे

काडतुसांचा, म्हणजे राउंडांचा, सगळ्यात महागाचा डबा घेतला की पॉइंट टू टू (.२२ इंच नळीची) रायफल आपोआप नीट चालेल हा समज आधी डोक्यातून काढून टाका भाऊ. बोल्ट अॅक्शनमध्ये ठीक आहे, तिथं बोल्ट, म्हणजे राउंडामागचा सरकणारा दांडा, तुम्ही हातानं ओढता, राउंडला फक्त उडायचं काम. सेमी-ऑटोत त्याच राउंडला गोळी पण फेकायची असते आणि बोल्ट पण मागं ढकलायचा असतो, म्हणून इथं निवडायचा क्रम वेगळा आहे: आधी स्पीड, मग गोळीचं तोंड, मग वरचा थर, आणि ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) अन् भाव सगळ्यात शेवटी. रेंजवर लोक नेमकं उलट करून राहिले, बोल्ट अॅक्शनवाल्या मित्रानं मॅच अॅम्यूचं (स्पर्धेच्या राउंडांचं) कौतुक केलं म्हणून तेच उचलून आणतात आणि मग दर तिसऱ्या राउंडला खटखट.

पुढं जायच्या आधी परवान्याचं. राउंड परवान्यावरच मिळतात, अधिकृत गन हाऊसमधूनच, आणि दुकानदार नोंद करून देतो. नागपूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीणवाल्यांचं जिल्हाधिकाऱ्यांकडे. सेमी-ऑटोची कॅटेगरी २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये साध्या पॉइंट टू टू पेक्षा वेगळी धरलेली आहे, त्यामुळे आपल्या परवान्यावर नेमकं काय लिहिलंय आणि वर्षाला किती राउंडची मुभा आहे ते नीट वाचून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. कोटा कमी असतो म्हणूनच तर ही सगळी पंचाईत, बाहेरच्या देशातले लोक म्हणतात पाचशे राउंड फोडून टेस्ट करा, आपल्याकडे ते परवडत पण नाही आणि चालत पण नाही.

आता आत काय होते ते समजून घ्या, मग डबा बघून अर्धं उत्तर तिथंच मिळते. पॉइंट टू टू च्या जवळजवळ सगळ्या सेमी-ऑटो साध्या ब्लोबॅकवर चालतात. म्हणजे बोल्टला कुठलं लॉक नाही, त्याचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच. राउंड फुटला की गॅस गोळीला पुढं आणि रिकाम्या केसला (पितळी नळकांड्याला) मागं ढकलते, केस बोल्टला ढकलते, बोल्ट मागं जाऊन केस बाहेर टाकतो आणि येताना नवीन राउंड उचलतो. राउंड कमजोर असला की बोल्ट अर्ध्यातूनच परत फिरतो. मग रिकामी केस इजेक्शन पोर्टमध्ये उभीच्या उभी अडकते, तोंड वर करून, याला सगळे स्टोव्हपाइप म्हणतात. किंवा केस बाहेर जाते पण बोल्ट नवीन राउंडच्या मागं पोचतच नाही आणि तुम्ही रिकाम्या चेंबरवर (नळीतल्या राउंड बसायच्या जागेवर) ट्रिगर दाबता.

म्हणून डब्यावरचा वेग बघा. लाँग रायफल, म्हणजे पॉइंट टू टू चा नेहमीचा राउंड, त्यात सगळ्यात कॉमन गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण अडीच ग्रॅमच्या वर थोडी. स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे १०७० एफपीएसच्या (सेकंदाला फूट) आसपास, हाय व्हेलॉसिटी म्हणजे १२०० ते १३०० च्या मधात. सेमी-ऑटोची सुरुवात हाय व्हेलॉसिटी, ४० ग्रेन, राउंड नोजनंच (गोल तोंडाच्या गोळीनंच) करा, यात वाद नको. सीसीआय कंपनीचा मिनी-मॅग हा याचा नेहमीचा नमुना, १२३५ एफपीएस, गोळीवर तांब्याचा थर. मिळाला तर पहिला डबा हाच घ्या, चांगला आहे म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे तो मोजपट्टी म्हणून कामाला येतो. मिनी-मॅग पण अडकत असला तर गडबड बहुतेक रायफलीत आहे, राउंडात नाही.

स्टँडर्ड व्हेलॉसिटी चालतच नाही असं नाही. रुगर टेन ट्वेंटी-टू सारख्या रायफली, १९६४ पासून बनताहेत आणि मॅगझिन गोल फिरणारं, त्या बरेचदा स्टँडर्ड पण मुकाट्यानं खातात. पण स्प्रिंग नवीन कडक असली, किंवा आतमध्ये काजळी जमली की हेच राउंड सगळ्यात आधी रडतात. सबसॉनिकचा (आवाजापेक्षा कमी वेगवाल्यांचा) भरवसा नाही, आणि त्याच्याही खाली जे क्वाएट नावाचे येतात, ७१० एफपीएसवाले, ते बहुतेक सेमी-ऑटोला ढकलू शकत नाहीत, प्रत्येक वेळी हातानं बोल्ट ओढावा लागते. ते कंपनीनं त्यासाठी बनवलेलेच नाहीत, त्यांच्या नावानं ओरडण्यात अर्थ नाही.

आणि दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका. हायपर व्हेलॉसिटी, स्टिंगरसारखे ३२ ग्रेन अन् १६४० एफपीएसवाले, ऐकायला भारी वाटतात, पण ब्लोबॅकमध्ये बोल्ट जोरात अन् लवकर उघडते, मागं रिसीव्हरवर (रायफलीच्या मधल्या धातूच्या खोक्यावर) आपटते, आणि जुन्या रायफलीत हे रोज केलं तर काहीतरी तुटणारच. त्यात स्टिंगरची केस नेहमीच्या लाँग रायफलपेक्षा थोडी लांब, त्यामुळे मॅच किंवा टाइट चेंबरमध्ये ती घालायचीच नाही. मॅग्नमवाले राउंड, म्हणजे पॉइंट टू टू मॅग्नम, ती तर वेगळीच जात आहे, डब्यावर फक्त पॉइंट टू टू बघून हात घालू नका, बॅरलवर जे कोरलंय तेच डब्यावर पाहिजे.

आता गोळीचं तोंड. मॅगझिनमधून चेंबरकडं जाणाऱ्या उतारावरून, म्हणजे रॅम्पवरून, चढताना गोल तोंड सरकून जाते. सपाट तोंडाची किंवा मोठ्या खड्ड्याची हॉलो पॉइंट गोळी कधी कधी रॅम्पला नाहीतर चेंबरच्या काठाला ठोकते, आणि साधं शिसं असलं तर तिथंच चेमटते. अडकलेला राउंड काढून तोंड उजेडात धरून बघा. नाकावर एका बाजूला चंद्रकोरीसारखा चपटा डाग असेल तर फीडिंगचा (राउंड चेंबरमध्ये चढण्याचा) प्रॉब्लेम, आणि गोळी केसमध्ये थोडी वाकडी झाली असेल तर पक्काच. असा राउंड परत मॅगझिनमध्ये घालू नका, बाजूला ठेवा. उदाहरणार्थ एली कंपनीचा टेनेक्स बघा, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मॅच राउंडपैकी एक, पण त्याचं तोंड सपाटसर आणि अंगावर भरपूर मेण, वेग स्टँडर्डच्याच घरातला. पन्नास मीटरच्या बोल्ट अॅक्शनमध्ये सोनं आहे, तुमच्या सेमी-ऑटोत मात्र पैसे देऊन डोकेदुखी घेतल्यासारखं होईल.

मेणाचं जरा सविस्तर सांगतो, कारण नागपुरात हाच भाग सगळ्यात जास्त नडतो. लाँग रायफलची रचना १८८७ ची आहे, गोळी आणि केस दोघांची बाहेरची जाडी सारखीच, गोळीचा फक्त मागचा थोडा भाग केसच्या आत. त्यामुळे वंगण गोळीच्या बाहेरच लागलेलं असते, उघडंच. मे महिन्यात, नवतपा लागला की, पारा पंचेचाळीसच्या वर, डबा कारच्या डॅशबोर्डवर पडला की हे मेण पातळ होते, बोटांना चिकटते, आणि मग मैदानावरची धूळ त्याच्यावर बसते. ती धूळ मॅगझिनमध्ये, तिथून चेंबरमध्ये, आणि मेण अन् काजळी मिळून काठाशी एक कडक गोल थर तयार होते, राउंड पूर्ण बसत नाही, बोल्ट किंचित उघडा राहते. म्हणून उन्हाळ्यासाठी तांब्याचा थर दिलेली गोळी घ्या, हात पण स्वच्छ आणि मॅगझिन पण. साध्या शिशाचे वापरायचेच असतील तर सावलीत ठेवा, एका वेळी एकच मॅगझिन भरा, भरलेली मॅगझिन उन्हात मांडून ठेवू नका. तापलेल्या राउंडचं प्रेशर पण वाढते, तो वेगळाच विषय.

आणि कूलरच्या खोलीत राउंड ठेवू नका ना बावा. आपल्याकडे मार्चपासून डेझर्ट कूलर सुरू, खोलीतली हवा ओलीकच्च, कपाटाची दारं फुगतात तिथं पितळ काय टिकणार. रिमफायरचा राउंड (पिन बुडाच्या कडेवर पडते तो, पॉइंट टू टू त्यातलाच) सेंटरफायरसारखा (पिन मधोमध पडते तसा) घट्ट बंद नसते, ओल आत जायला वाव राहते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कुलुपाच्या कपाटात, पोरांच्या हाताला लागणार नाही असा. पावसाळ्यात पण तेच.

आता नुसता टक होऊन राउंड फुटलाच नाही, असं का होते. रिमफायरमध्ये वेगळा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) नाही, पिनचा ठोका बसताच पेटणारा मसाला केसच्या बुडाच्या कडेत ओला असताना फिरवून पसरवतात, आणि कुठंतरी एखाद्या कोपऱ्यात पोचला नाही तर नेमकी पिन तिथंच पडली की मिसफायर. स्वस्तातल्या बल्क पॅकमध्ये हे जास्त दिसते. असं झालं की नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कारण उशिरा पण फुटू शकते, मग बोल्ट उघडा. कडेवरची पिनची खूण बघा. खोल आणि स्पष्ट असेल तर राउंडाचा दोष. उथळ, पुसट असेल तर पिन घाण झालीय, स्प्रिंग थकलीय, किंवा बोल्ट पूर्ण बंदच झाला नव्हता. एवढं बघितलं तरी निम्मे भांडणं मिटतात.

आवाज फुस्स आला आणि धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला तर तिथंच थांबा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, रायफल रिकामी असल्याची खात्री करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. गोळी आत अडकलेली असेल आणि तुम्ही मागून दुसरी मारली तर नळी फुगणार नाहीतर फाटणार. सेमी-ऑटोत याचा धोका जास्त, कारण कधी कधी पुढचा राउंड आपोआप चढून बसलेला असतो आणि बोट तर ट्रिगरवर असतेच.

टेस्ट अशी करा. वेगवेगळ्या तीन कंपन्यांचा प्रत्येकी पन्नासचा एक डबा, त्यातला एक वर सांगितला तो मोजपट्टीवाला. सुरुवातीला रायफल साफ, चेंबर ब्रशनं घासलेलं, बोल्टवर तेल अगदी नावाला. मॅगझिनवर पेननं एक, दोन असे नंबर टाका, कारण बरेचदा दोषी राउंड नसते, मॅगझिनचे ओठ वाकलेले असतात, आणि नंबर नसला तर ते कधीच कळत नाही. डबा फोडल्यावर राउंड नुसते बघा, गोळी बोटानं हलते का, वाकडी आहे का, पितळावर हिरवट आहे का. मग एकेक डबा सलग चालवा, मधात साफ करू नका, आणि प्रत्येक अडकणं वहीत लिहा: कुठल्या मॅगझिनमधून, कितवा राउंड, अडकला कसा, फीड का इजेक्ट का मिसफायर. मिसफायर एखादा चालून जाते, पण पन्नासात दोन-तीनदा स्टोव्हपाइप झाला तर तो डबा तुमच्या रायफलीसाठी नाही, ग्रुप कितीही गोंडस असू दे. दुसऱ्याच्या रायफलीत चालला हा पुरावा धरू नका, दोन एकसारख्या मॉडेलच्या रायफली पण वेगवेगळ्या आवडीच्या निघतात.

ज्यांच्याकडे आजोबांच्या नावावरून आलेली जुनी ब्राउनिंग किंवा ब्रनो आहे, विदर्भात जुन्या घरांमध्ये अशा निघतात, त्यांनी टेस्टच्या आधी एखाद्या चांगल्या गनस्मिथकडून रिकॉइल स्प्रिंग (बोल्टमागची) अन् एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा) बघून घ्या. चाळीस-पन्नास वर्षं झालेली स्प्रिंग असली की कुठलाच डबा न्याय देणार नाही. आणि घरी जुन्या रायफलीसोबत जुनाच डबा निघाला, कधीचा ते कुणाला माहीत नाही, तर वापरायच्या भानगडीत पडू नका, परवाना अधिकाऱ्याला विचारून तो जमा करा.

रेंजवरून निघताना साबणानं हात धुवा, मग समोसा. गोळीतही शिसं असते आणि बहुतेक रिमफायरच्या कडेतल्या पेटणाऱ्या मसाल्यात पण.

एकदा जमणारा राउंड सापडला की डब्याच्या आतल्या झाकणीवरचा किंवा बाजूचा लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या मालाचा नंबर) मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडते, मॅचवाले लोक म्हणून तर लॉट टेस्ट करूनच उचलतात. गन हाऊसमध्ये नाव सांगू नका, लॉटचा फोटो दाखवा आणि कोट्यात बसेल तेवढे त्याच लॉटचे घ्या, आणि तो लॉट संपला असं म्हणाले तर नवीन लॉटचा एकच डबा घेऊन पुन्हा ती वही उघडा.