अमोनियाचा वर्णपट वाचताना: सहा क्रिया की बारा?

अमोनियाला सी३व्ही (न उलटणाऱ्या पिरॅमिडच्या सहा सममिती-क्रियांचा गट) लावून मोकळं होता येत नाही. हा रेणू छत्रीसारखा उलटतो: नायट्रोजन तीन हायड्रोजनांच्या प्रतलातून आरपार जातो आणि प्रत्येक ऊर्जापातळी दुभंगते.

आधी उपकरणाचं विभेदन (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) पाहा. तळपातळीतलं विभाजन फक्त ०.७९ सेमी⁻¹ आहे, पण छत्री-कंपनाच्या पहिल्या उत्तेजित पातळीत ते सुमारे ३६ होतं. त्यामुळे साध्या एफटीआयआरवरही (अवरक्त वर्णपटमापीवरही) ९३२ आणि ९६८ सेमी⁻¹च्या आसपास दोन टोकदार क्यू-शाखा (जे हा फिरण्याचा अंक न बदलणाऱ्या रेषांचे गठ्ठे) दिसतात. फॉस्फीनमध्ये (नायट्रोजनच्या जागी फॉस्फरस असलेल्या रेणूत) असं काही दिसत नाही, तिथे सहा क्रिया पुरतात.

अमोनियासाठी लाँगेट-हिगिन्स यांची १९६३ची रीत वापरा. तीन प्रोटॉनांच्या सहा अदलाबदली लिहा. मग त्या प्रत्येकीला सर्व कणांचं वस्तुमानकेंद्रातून उलटणं जोडा, म्हणजे ताराचिन्ह द्या. एकूण बारा. कॅरेक्टर टेबल (कोणत्या क्रियेला कोणता सममिती-प्रकार कसा बदलतो याचा तक्ता) डी३एचचंच, म्हणजे सपाट त्रिकोणी रेणूच्या गटाचंच, चालतं. इथेच घोळ होतो: (१२), म्हणजे पहिल्या दोन प्रोटॉनांची अदलाबदल, हे सी२च्या (अर्ध्या फेऱ्याच्या) रकान्यात जातं आणि (१२)* हे सिग्मा-व्हीच्या (उभ्या आरशाच्या). हे उलट लावलं की ए१″ आणि ए२″ या सममिती-प्रकारांची अदलाबदल होते आणि पुढचं सगळं चुकतं.

आता स्पिन. प्रोटॉन फर्मिऑन आहेत, म्हणून दोघांची अदलाबदल केली की एकूण तरंगफलनाचं चिन्ह बदललंच पाहिजे. नायट्रोजन-१४ धरून वजनं (पातळीच्या वाट्याला येणाऱ्या स्पिन-अवस्थांची संख्या) अशी येतात: ए१′ आणि ए१″ शून्य, ए२′ आणि ए२″ बारा, ई′ आणि ई″ सहा. म्हणून के (रेणूच्या अक्षाभोवती फिरण्याचा क्वांटम अंक) तिनाच्या पटीत असेल तिथे वजन दुप्पट.

संक्रमण फक्त ए२′ ↔ ए२″ आणि ई′ ↔ ई″ असंच होतं, कारण द्विध्रुव आघूर्ण ए१″ आहे.

पडताळा के = ० वर घ्या. जे (एकूण फिरण्याचा क्वांटम अंक) सम असेल तर दुभंगलेल्या जोडीतली वरची (विषम) पातळीच उरते, जे विषम असेल तर खालची. जे ० → १ चं अंतर विभाजनाशिवाय १९.८९ सेमी⁻¹ आलं असतं, विभाजनामुळे १९.१ आणि २०.७ अशा दोन रेषा अपेक्षित वाटतात. प्रत्यक्षात पहिलीच येते, ५७२.५ गिगाहर्ट्झवर. दुसरी शोधत बसू नका, तिचं वजन शून्य आहे.

हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम घातलं की केंद्रकं बोसॉन होतात (अदलाबदलीत चिन्ह बदलत नाही) आणि ए१ : ए२ : ई ची वजनं १० : १ : ८ अशी येतात. मग के = ० च्या दोन्ही रेषा दिसतात, पण एक दुसरीच्या जवळपास दहापट तीव्र असते.