पावसाळ्याआधी पैदाशीच्या बोकडाची तयारी

जुलैमध्ये शेळ्या फळवायच्या असतील, तर बोकडाची तयारी एप्रिल संपायच्या आत सुरू करा. त्याच्या वृषणात शुक्राणू घडायला साधारण 48 दिवस लागतात आणि तो पक्व व्हायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे जुलैत कामी येणाऱ्या शुक्राणूची घडण मे महिन्यात, ऐन कडब्याच्या दिवसांत सुरू झालेली असते. शेळ्या माजावर आल्यावर धावपळ करून दिलेलं टॉनिक त्याला उशिरा पोचतं. उस्मानाबादी जात काटक आहे, या भरवशावर नेमके हेच दोन महिने सोडून दिले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं काम हिरव्या पाल्याचं. ‘अ’ जीवनसत्त्व बोकडाला हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून मिळतं. उन्हात पांढऱ्या पडलेल्या कडब्यात ते जवळपास नसतंच. यकृतातला साठा काही महिने पुरतो, पण हिवाळ्यापासून कोरड्या चाऱ्यावर असलेल्या जनावराचा तो मेपर्यंत उतरणीला लागतो. कमतरता वाढली की शुक्राणू तयार करणारा वृषणातला थरच झिजू लागतो. म्हणून शेवरी, हादगा, शेवगा, दशरथ घास, बांधावर जे असेल त्याचा पाला रोज टाका. सुबाभूळ चालेल, पण नुसत्या तिच्यावर पोट भरू नका, तिच्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असतं. पाला वाळवून ठेवायचा असेल तर सावलीत वाळवा, कडक उन्हात कॅरोटीन उडून जातं. दिवस मावळल्यावर बोकड अडखळतो का, गव्हाणीला धडकतो का, तेही बघा. रातांधळेपणा ही ‘अ’च्या कमतरतेची खूण आहे.

‘अ’चा साठा यकृतात राहतो, त्यामुळे जंतनिर्मूलन याच यादीत येतं. कळप तळ्याकाठी, पाणथळ जागी चरत असेल तर यकृतातल्या चपट्या कृमींवर चालणारं औषध डॉक्टरांना विचारून द्या.

‘ई’ जीवनसत्त्वाचं काम वेगळं. शुक्राणूच्या आवरणातली स्निग्धाम्लं लवकर खराब होतात आणि ‘ई’ त्यांना जपतं. त्याच्या जोडीला सेलेनियम लागतं. ताजा पाला आणि मोड आलेलं धान्य हे ‘ई’चे चांगले स्रोत. खवट वासाची पेंड किंवा जुना भरडा मात्र बाहेर काढा, खवटपणात ‘ई’ नष्ट होतं. सेलेनियमचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं.

आता सरकी पेंडीबद्दल. मराठवाडा-विदर्भात ती सहज मिळते म्हणून बोकडालाही भरपूर घातली जाते. सरकीत गॉसिपॉल असतं आणि ते शुक्राणूंना बाधतं. पोटातले सूक्ष्मजीव काही भाग निकामी करतात, पण पैदाशीच्या नरावर हा धोका का घ्यायचा? या दोन महिन्यांत शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड वापरा. मोठ्या बोकडाला दिवसाला 300 ते 400 ग्रॅम खुराक पुरे. त्यात गव्हाचा कोंडा जास्त झाला तर फॉस्फरस वाढून मुतखड्याची भीती असते, म्हणून कॅल्शियमचा तोल राखणारं चांगलं खनिज मिश्रण हवं. त्यातलं जस्तही पाहा. यकृतातलं ‘अ’ जीवनसत्त्व रक्तातून पुढे न्यायला जस्त लागतं.

‘ब’ गटातली जीवनसत्त्वं पोटातले सूक्ष्मजीव तयार करतात, ‘ड’ उन्हातून मिळतं, ‘क’ बोकडाचं यकृत स्वतः बनवतं. यांच्या बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा सावलीवर घालवा. वृषणं शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावी लागतात. मेच्या दुपारी पत्र्याखाली बांधलेल्या बोकडाला कितीही चांगला खुराक घाला, उष्णतेचं नुकसान भरून निघत नाही. पत्र्यावर पाचट किंवा तुरकाट्या टाका आणि थंड पाणी सतत समोर ठेवा.

जूनच्या सुरुवातीला पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्या: दोन्ही वृषणं सारखी आणि घट्ट आहेत का, सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) या रोगासाठी रक्ततपासणी, जमल्यास सूक्ष्मदर्शकाखाली वीर्य. बरगड्या हाताला लागाव्यात, पण दिसू नयेत, इतपत अंग हवं. फार लठ्ठ झालेला बोकडही आळसावतो.

एका बोकडामागे 25 शेळ्यांच्या पुढे जाऊ नका आणि फळवल्याची तारीख वहीत लिहा. साधारण 21 दिवसांनी बऱ्याच शेळ्या पुन्हा माजावर आल्या, तर शेळ्यांना दोष देण्याआधी बोकडाचं वीर्य तपासा आणि मे महिन्यात त्याच्या गव्हाणीत काय पडत होतं ते आठवा.