जुनी शिलाई मशीन घेताय किंवा विकताय? भावात फसवणाऱ्या या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आजीची सिंगर म्हणजे लाखाची वस्तू असं धरून चालणं. "अँटिक आहे, भाव करू नये" असं लिहून लोक जाहिरात टाकतात आणि ती तिथेच पडून राहते. अहो, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कंपनीच्या एकट्या कारखान्यातून 1913 साली 13 लाखांच्या आसपास मशिनी बाहेर पडल्या होत्या, एवढ्या ढिगाने बनलेली वस्तू नुसती जुनी आहे म्हणून कोण लाख देणार? 2009 मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये लाल पारा नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, सुईजवळ मोबाईल नेला की लाईन कट होते ही त्याची खूण वगैरे, आणि लोकांनी त्यापायी वेड्यासारखे पैसे मोजले. पारा बिरा काही नसतो, आत लोखंड आणि वाळलेलं तेल. तुम्हालाही कोणी असं सांगून आधी टोकन मागितलं तर सरळ ब्लॉक करा.

आणि हो, बिडाचा नक्षीवाला स्टँड भंगारात देऊ नका!! त्याचं टेबल करणारे लोक आहेत, कधीकधी वरच्या मशीनपेक्षा स्टँडलाच चांगलं गिऱ्हाईक मिळतं.

आता घेणाऱ्यांचं. नवा चकचकीत रंग आणि सोनेरी स्टिकर बघून भाळायचं नाही, रंग मारून स्टिकर लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. बघायचं काय तर चाक हाताने हळू फिरवा, कुठे अडकतंय का, मग सुईचा दांडा धरून हलवा, लडबडत असेल तर आतली झीज झालीय आणि तिथे भाव खाली आलाच पाहिजे. खालचे दाते बोटाने चाचपा, गुळगुळीत झाले असतील तर कापड पुढे सरकणार नाही. दुकानदार नेहमी पातळ सुती कापडावर शिवून दाखवतो, त्यावर कुठलीही मशीन शिवते, तुम्ही घरून जुन्या जीन्सचा तुकडा न्या आणि चार घड्या घालून चालवायला सांगा.

याच्या उलटही होतं. खाली दोऱ्याचा गुच्छा होतोय म्हणून चांगली मशीन लोक सोडून देतात किंवा मातीमोल विकतात. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो, नाहीतर सुई उलटी बसवलेली असते, बास. पट्टा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी), बॉबिन केस या किरकोळ किमतीच्या गोष्टी आहेत, त्या खराब दिसल्या तर खुश व्हा, घासाघीस करायला मुद्दा मिळाला. खोबरेल तेल घातलेली मशीन मात्र जपून घ्या, ते आत चिकट होऊन बसतं आणि मग सगळी खोलून धुवावी लागते, तो सर्व्हिसिंगचा खर्च भावातून वजा करूनच बोला.

टेलरिंगसाठी इंडस्ट्रियल मशीन घेत असाल तर मोटर कुठली ते आधी विचारा. क्लच मोटर स्वस्त पडते पण तुम्ही शिवत नसलात तरी फिरतच राहते आणि बिल वाढवते, सर्व्हो मोटर पाय दाबला की मगच फिरते आणि आवाजही कमी.

"मोफत शिलाई मशीन" वाल्या लिंकवर फी भरू नका. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी कामाला टूलकिटसाठी 15,000 पर्यंत ई-व्हाउचर आहे, आणि त्याची नोंदणी सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते, व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉर्मवर नाही.