खाज सुटल्यावर नखांआधी काय करावे

खाज आणि दाहाची वेदना या दोन्ही मुख्यतः त्वचेतल्या बारीक चेतातंतूंवरूनच मज्जारज्जूकडे जातात. तरी वेदना झाली की आपण अंग मागे घेतो आणि खाज सुटली की हात नेमका तिकडेच जातो. म्हणून उपायाआधी त्वचेकडे नीट पाहावे.

डास चावल्यावर काही मिनिटांत फुगीर गांधी उठते आणि तिच्याभोवती दंशाच्या जागेपेक्षा कितीतरी मोठे लाल वलय पसरते. गांधी उठते ती मास्ट पेशींतल्या (त्वचेतल्या एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) हिस्टामिन या रसायनामुळे रक्तवाहिन्या झिरपू लागल्याने; वलय मात्र त्याच चेतातंतूंच्या शेजारच्या फांद्यांतून सुटणाऱ्या रसायनांमुळे उमटते. अशा गांधी आल्या किंवा अंगावर पित्त उठले, तर हिस्टामिनविरोधी गोळी उपयोगी पडते. इसबात तिच्यावर फारशी भिस्त ठेवू नये, कारण तिथली खाज बव्हंशी इंटरल्यूकिन ४, १३ आणि ३१ यांसारख्या प्रथिनांमुळे उद्भवते. (खाजकुइलीची कुसेही हिस्टामिनवाचून, एका विकरामुळे (एन्झाइममुळे) खाज आणतात.) इसबात अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच जाड मलम लावणे आणि डॉक्टरांनी दिलेले दाहशामक औषध नियमित वापरणे, हेच खरे काम.

खाजवल्याने बरे वाटते, कारण नखांची वेदना मज्जारज्जूतच खाजेचा संदेश दाबते. पण त्याच वेळी त्वचेचा वरचा थर फाटतो, दाह वाढतो आणि थोड्या वेळाने खाज दुप्पट जोमाने परतते. त्याऐवजी गार पाण्यात भिजवलेले फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे. कढत पाणी टाळावे. सुमारे ४३ अंश सेल्सिअसला जागा होणारा, मिरचीच्या तिखटानेही चेतणारा जो ग्राही (चेतातंतूंवरचे संवेदना टिपणारे प्रथिन) शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला (त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले), तो दाह असलेल्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन या दाहात तयार होणाऱ्या रसायनामुळे बऱ्याच कमी तापमानाला चेततो. उन्हाने भाजलेल्या पाठीवर कोमट पाणीही झोंबते ते त्यामुळेच. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, म्हणून ते अशा वेदनेवर चालते, खाजेवर सहसा नाही. मॉर्फिन तर वेदना शमवून उलट खाज आणू शकते.

लाली गरम, दुखरी आणि पसरत जाणारी असून ताप असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तात्काळ रुग्णालय गाठावे. पुरळ नसताना खाज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या करून घ्याव्यात.