पीसीओएस असेल तर कोविडच्या तापासाठी अशी तयारी ठेवा

‘पीसीओएस असलेल्या बायकांना कोविडचा धोका ५१ टक्के जास्त’ हा मजकूर मला अजूनही कुणी ना कुणी पाठवतं. (पीसीओएस म्हणजे हार्मोन्स बिघडल्याने पाळी अनियमित होणं, केस गळणं, वजन वाढणं असा त्रास देणारा बायकांमधला विकार.) नुकतंच निदान झालेल्या माझ्या भाचीनेही तोच पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, आता काय करू?’ तिला जे लिहून दिलं तेच इथे देते. मला स्वतःला कॉलेजपासून पीसीओएस आहे, आई मधुमेही आहे, आणि एप्रिल २०२१मध्ये कोल्हापुरात आमच्या घरातले सगळे एकदमच आजारी पडले होते.

आधी तो आकडा समजून घ्या. तो ब्रिटनमधला आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२०च्या जानेवारी ते जुलैमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. पीसीओएस असलेल्या २१ हजारांवर बायका आणि नसलेल्या ७८ हजारांवर. वर्षाच्या हिशेबाने दर हजारी पीसीओएस नसलेल्या साधारण १२ जणींना कोविड झाला किंवा झाल्याचा संशय होता, असलेल्या १८ जणींना. ५१ टक्के म्हणजे एवढं. वजन, शुगर, रक्तदाब वगैरेंचा हिशेब धरल्यावर फरक २८ टक्क्यांवर आला. म्हणजे धोक्याचा बराचसा भाग अशा गोष्टींतून येतो ज्यांवर आपला हात पोचतो. आणि हा अभ्यास लागण होण्याबद्दल होता. आजार किती गंभीर होतो, याचं उत्तर त्यात नाही.

म्हणून पहिलं काम: ताप येण्याआधी आपली शुगर माहीत करून घ्या. सोनोग्राफीच्या फाइलपेक्षा मला हा कागद महत्त्वाचा वाटतो. पीसीओएसमध्ये बऱ्याचदा इन्सुलिनचा परिणाम शरीरावर नीट होत नाही, आणि हे सडपातळ मुलींमध्येही दिसतं. फक्त उपाशीपोटीची शुगर बघून समाधान मानू नका. कधी ती चांगली येते आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी घेतलेली वर निघते. ती १४० ते १९९ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर गेली तर मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांकडे जायचं. ही तपासणी निदानाच्या वेळी आणि पुढे एक ते तीन वर्षांनी करावी, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तदाब दरवर्षी. कंबर टेपने मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं.

दुसरं काम पाच मिनिटांचं. एक चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवा आणि तिचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर असू द्या. माझी अशी आहे: ‘पीसीओएस आहे. मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा. आईला मधुमेह. शेवटची शुगर अमुक, तारीख अमुक.’ (मेटफॉर्मिन ही शुगर आटोक्यात ठेवणारी गोळी.) पाळीसाठी गोळ्या चालू असतील तर त्यांचं नाव हवंच. आपल्याकडे या गोळ्यांबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण डॉक्टरांना ते ऐकायलाच हवं. त्यांत इस्ट्रोजेन हे हार्मोन असेल तर त्यामुळे रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते आणि कोविडमध्येही ती वाढते. मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, विचारायचं. एकाच पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मेटफॉर्मिनचंही तसंच. नुसता ताप असेल आणि खाणंपिणं चालू असेल तर ते सहसा चालू ठेवतात. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा धाप लागत असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पेज, मुगाचं पातळ वरण, ताक, मऊ भात, जे जाईल ते थोडं थोडं घ्या. ‘ताकद यावी’ म्हणून घरातले दर तासाला ग्लुकोज पावडरचं पाणी आणि साबुदाण्याची खीर पुढे करतात, ते प्रेमाने नाकारा.

आता सगळ्यात जपायची गोष्ट: स्टेरॉइड. २०२०मध्ये ब्रिटनमधल्याच ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधांच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव वाचतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरी २०२१मध्ये साध्या तापातही घरोघरी ते घेतलं गेलं. आमच्या गल्लीत जुन्या चिठ्ठीवरून गोळ्या आणल्या जात होत्या. स्टेरॉइडने शुगर झपाट्याने चढते, आणि वाढलेली शुगर व स्टेरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, महाराष्ट्रात काय केलं, ते आपण पाहिलंय. तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं तर विचारा: ‘माझा ऑक्सिजन किती आहे? शुगर कधी तपासू?’ सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने शुगर दुपार-संध्याकाळी वर जाते, पहाटेची नॉर्मलही दिसू शकते. म्हणून जेवणानंतरची बघायची. चेहऱ्याची एक बाजू दुखणं, डोळ्याभोवती सूज, नाकातून काळपट स्राव या म्युकरमायकोसिसच्या खुणांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

लसीबद्दल भाचीने विचारलं, मूल होण्यात अडचण येईल का? नाही. लसीनंतर काहींची पाळी थोडी पुढे-मागे झाली, ती पुढच्या एक-दोन चक्रांत रुळावर आली.

बरं झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळायला लागले तर पीसीओएस बळावलं असं लगेच समजू नका. मोठ्या तापानंतर असे केस गळतात आणि काही महिन्यांत परत येतात. पाळी लांबली तर ‘आपलं नेहमीचंच’ म्हणून सोडूही नका: आधी गरोदरपणाची तपासणी करा, आणि तीन महिने पाळी आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण इतके दिवस गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं चांगलं नाही.